दाबून भरणाऱ्या

"अंगठा काढा," कपबाई म्हणाल्या.

नव्या साहेबांनी अंगठा काढला. स्टीलच्या कपात बदाम काठापर्यंत आले होते आणि वरचे चार साहेबांनी सहज म्हणून आत चेपले होते, प्रवासाला निघालेला माणूस बॅगेत शेवटचा टॉवेल कोंबतो तसे. कपबाईंनी तो कप परातीत पालथा केला, पंखा बंद आहे ना ते एकदा पाहिलं आणि स्वतः भरायला घेतला. चमच्यानं, वीतभर उंचीवरून, बदामांना आपापल्या मर्जीनं पडू देत. कप शिगोशीग झाल्यावर सुरीच्या पाठीनं वरचा ढीग एकदाच सारला. मग कप काट्याच्या ताटलीत रिकामा केला आणि आकड्याकडे न बघताच म्हणाल्या, "एकशे त्रेचाळीस."

काट्यावर एकशे त्रेचाळीस ग्रॅम आले. साहेबांनी मनापासून मान डोलावली. कपबाईंना त्यात मान डोलावण्यासारखं काही वाटलं नाही. सूर्य पूर्वेला उगवला म्हणून कुणी मान डोलावत नाही.

सुकामेव्याच्या त्या कारखान्यात त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. पहिल्या वर्षी कुणीतरी गमतीनं कपबाई म्हटलं, दुसऱ्या वर्षी माप-खोलीच्या दारावरच्या पाटीवर तेच आलं. काम एका दमात सांगता येण्यासारखं होतं. कारखान्याच्या प्रत्येक पाकिटामागे एक पाककृती छापलेली असे. काही घरांत काटा असतो, काही घरांत नुसता कप असतो, म्हणून दोन्ही आकडे द्यावे लागत: इतके कप, आणि कंसात इतके ग्रॅम. त्या कपाच्या आणि कंसाच्या मधल्या जागेत कपबाईंचा जन्म गेला होता.

एक कप म्हणजे किती, हा प्रश्न ज्याला सोपा वाटतो त्यानं तो सुकामेव्याला कधी विचारलेला नसतो. पाण्याचा कप दोनशे चाळीस ग्रॅम, विषय संपला. पण अख्खे बदाम घातले तर एकशे त्रेचाळीस, आणि त्याच बदामांचे पातळ काप घातले तर ब्याण्णव. बदाम तोच, कपही तोच, फक्त मधे शिरून बसणारी हवा कमीजास्त. शेंगदाणा समंजस, तो शेजाऱ्याला जागा देतो. अक्रोडाची फोड म्हणजे कोपरं काढून बसलेला पाहुणा. कपबाई प्रत्येक जिन्नस दहा वेळा मोजत, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत छोटा आकडा टाकून देत, उरलेल्या आठांची सरासरी काढत आणि ती तक्त्यात लिहीत. एकतीस जिन्नसांचा तो तक्ता भिंतीवर होता, आणि त्याच्यावर बोट ठेवायला कुणाला आजवर जागा मिळाली नव्हती.

मजा अशी की त्यांच्या घरी माप नावाची वस्तू नव्हती. घरात सगळं अंदाजानं चाले आणि अंदाज महिन्यातून दोनदा तरी चुके. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. ते जेवताना मीठ मागून घेत आणि म्हणत, की कारखान्याला काटा आणि नवऱ्याला अंदाज, हा न्याय बरा आहे.

येत्या शनिवारी कपबाईही निवृत्त होणार होत्या. साहेबांना कारखान्यात येऊन सहाच महिने झाले होते, पण माणूस कामाचा होता आणि मनानं चांगला होता. कपबाईंचा सगळा तक्ता नव्या पाकिटांवर छापायचा असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत एक ओळ: 'कपबाईंचं माप. चुकणार नाही.' छपाईचा नमुना त्या दिवशीच, सोमवारी आला होता. गुरुवारपर्यंत सही करून परत द्यायचा होता. साहेबांनी तो दाखवला तेव्हा कपबाई म्हणाल्या, की कशाला उगीच माझं नाव. मग साहेब खाली गेल्यावर त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि ती ओळ तीनदा वाचली. एकोणतीस वर्षांत त्यांचा आकडा लाखो घरांत गेला होता, नाव पहिल्यांदाच जाणार होतं. त्यांना फार आनंद झाला होता, आणि तो लपवायला त्यांनी लगेच टपाल उघडायला घेतलं.

टपाल हे त्यांचंच काम. पाककृती बिघडली की लोक पत्र लिहीत, आणि पत्रं त्यांच्या टेबलावर येत. नव्वद टक्के पत्रांचं दुखणं एकच असे, की केक बसला, बिस्किटं फुटली, वडी तेलकट झाली. कारणही एकच, कप दाबून भरला. ही पत्रं ठेवायला त्यांनी वेगळी फाइल केली होती आणि तिच्या पुठ्ठ्यावर लेबल चिकटवून स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दाबून भरणाऱ्या'. अलीकडे ही फाइल फार लवकर जाड होई. हल्ली बायकांना धीर म्हणून उरलेला नाही, असा त्याचा अर्थ कपबाईंनी लावला होता.

त्या दिवशीचं पत्र वहीच्या रेघी कागदावर होतं. अक्षर ओळखीचं वाटलं.

'स. न. वि. वि. तुमच्या पाकिटामागचा अक्रोडाचा केक आमच्या घरी अकरा वर्षं होतो. मी करते आणि माझी धाकटी जाऊ करते. पाकीट एकच, ओव्हन एकच, भांडंसुद्धा एकच. तिनं माहेरून काटा आणला आहे, ती ग्रॅमवर मोजते, तिचा केक फुलतो. मी कपानं मोजते, माझा मधोमध बसतो आणि कापताना भुगा होतो. मी तुम्हाला आधी तीनदा लिहिलं. तुम्ही तिन्ही वेळा कळवलंत की कप दाबून भरू नका. मी दाबत नाही. आता तर एकेक तुकडा चमच्यानं सोडते. आमच्याकडे आता वाढदिवसाला मला कुणी केक सांगत नाही. सासूबाई म्हणतात, एकेकीच्या हातालाच गुण नसतो. मी करणं सोडून दिलं आहे, तेव्हा तक्रार नाही. फक्त माझ्या हातात नेमकं काय वाईट आहे ते कळवा. बाकीच्या कामांत तरी सुधारता येईल.'

कपबाईंना पहिल्यांदा आला तो राग. तीनदा सांगूनही दाबतेच आहे, वर म्हणते दाबत नाही. एरवी त्यांनी तेच ठरलेलं उत्तर पाठवलं असतं. पण शेवटचा आठवडा होता आणि अंगात त्या नमुन्याचा उत्साह होता. त्यांनी ठरवलं की या बाईला दहा कपांचे दहा आकडे लिहून पाठवायचे, म्हणजे एकदाचं तिच्या डोक्यात बसेल. खालून त्याच दिवशीचं पाकीट मागवलं. अक्रोडाचे तुकडे. तक्त्यात एक कप एकशे सहा ग्रॅम.

पहिला कप भरला. काटा म्हणाला, एकशे वीस.

कपबाईंनी काट्याकडे असं पाहिलं की तो माणूस असता तर त्यानं शब्द मागे घेतला असता. दुसरा कप एकशे एकोणीस. तिसरा एकशे एकवीस. चौथा कप भरताना त्यांनी हात अजून वर नेला, तुकडे अक्षरशः पिसासारखे सोडले. पुन्हा एकशे वीस. मग त्यांनी कपाटातली पितळी वजनं काढून काटा तपासला. काटा चोख होता. कप पाण्यानं भरून तोलला, दोनशे चाळीस. कपही चोख. राहिला तो अक्रोड. त्यांनी चष्मा लावून तुकडे तळहातावर घेतले आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. ते लहान होते. त्यांच्या लक्षात होते त्यापेक्षा पुष्कळच लहान. कोपरं आवरून एकमेकांना चिकटून बसतील इतके.

त्या जिना उतरून कापणी विभागात गेल्या. तिथं दोन नंबरच्या कटरवर एक फिटर होता, त्याला सगळे मामा म्हणत. कपबाईंना खाली आलेलं पाहून त्यानं मशीन बंद केलं, कारण त्या खाली येत नसत. तुकडा कधीपासून एवढा झाला, असं त्यांनी विचारलं.

"हा? हा कधीचाच आहे," मामा म्हणाला. "पाती बदलली ना आपण. आधी आठ मिलिमीटरचा पडायचा, आता पाचाचा. लोकांना मोठा तुकडा दाताखाली येतो म्हणून बदलली. दहाबारा वर्षं झाली की."

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं ताई. वर चिठ्ठी पाठवली होती. तुमची सही होऊन खाली आली."

तो सहज बोलला, कुठलंही खापर फोडायचं त्याच्या मनात नव्हतं. कपबाई तशाच जिना चढून वर आल्या. चिठ्ठी शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण त्यांच्या खोलीत कुठलाच कागद शोधायला वेळ लागत नसे. अकरा वर्षांपूर्वीची, चार ओळींची. कटर क्रमांक दोन, नवी पाती, तुकडा पाच मिलिमीटर, अक्रोड व हेझलनट. खाली त्यांचं नेहमीचं ऐटबाज 'पाहिले' आणि सही.

पाहिलं होतं आणि मोजलं नव्हतं. अक्रोड तो अक्रोड, असंच वाटलं असणार. त्या तारखेला काय घडत होतं हे त्या खुर्चीवर बसून आठवू लागल्या. आई आजारी होती का? नाही, ते पुढच्या वर्षी. मुलीचं लग्न? ते त्याच्या आदल्या वर्षी. त्यांनी त्या वर्षीची कामाची वही काढली. मंगळवार होता. पिस्त्याचा नवा माल तीनदा मोजला होता. दुपारी काट्याची काच पुसली होती. बाकी काही नाही. एखादं दुखणं, एखादं संकट त्या पानावर सापडलं असतं तर ते त्यांनी आनंदानं पदरात घेतलं असतं. तो एक साधा, चांगला मंगळवार होता आणि त्या दिवशी त्यांना स्वतःची पूर्ण खात्री होती.

मग त्यांनी ती जाड फाइल उघडली. पाती बदलायच्या आधी वर्षाला दोन किंवा तीन पत्रं. नंतरच्या वर्षी नऊ. मग अकरा, मग तेरा. सगळ्यांना एकच उत्तर गेलं होतं, आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात 'दाबते' असं लिहून ठेवलं होतं. रेघी कागदावरची जुनी तीन पत्रंही सापडली. तिन्हींवर 'दाबते'.

संध्याकाळी घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की चौदा ग्रॅम म्हणजे किती असतं. कपबाईंनी पिशवीतून पाकीट काढून त्यांच्या तळहातावर थोडे तुकडे ठेवले.

"एवढंच?" यजमान म्हणाले आणि त्यांनी ते तोंडात टाकले.

"केकला तीन कप लागतात," कपबाई म्हणाल्या. आणखी दोनदा तेवढेच तुकडे त्यांनी त्यांच्या हातावर ठेवले. "मैदा नावाला आहे त्यात, सगळा भार अक्रोडावर. एवढे जास्त पडले की बसणारच तो. अकरा वर्षं मी तिला सांगतेय की तू दाबतेस म्हणून."

यजमानांनी या वेळी तुकडे खाल्ले नाहीत. मुठीत धरून ठेवले. मग म्हणाले, की तीस वर्षं बस चालवली, एकदाही कुणाला धक्का लागला नाही असं मी सगळ्यांना सांगतो. पण मागच्या चाकाखाली काय आलं ते पुढं बसलेल्याला दर वेळी कळतंच असं नाही. कपबाई म्हणाल्या की मला कळलं होतं, माझी सही आहे. त्या रात्री जेवताना यजमानांनी मीठ मागितलं नाही.

मंगळवारी सकाळी चिठ्ठी, फाइल आणि नमुना घेऊन कपबाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी सगळं समजून घेतलं आणि त्यांना हायसं वाटलं. नमुना अजून छापून गेला नाही हे किती बरं झालं, असं ते म्हणाले. आकडा बदलून टाकू, नव्या पाकिटावर बरोबर येईल, कुणाला काही कळायचंही कारण नाही.

"आणि पत्राचं उत्तर?" कपबाईंनी विचारलं.

"ते नेहमीचं जाऊ द्या."

"नेहमीचं उत्तर खोटं आहे साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नव्हते. कंपनीच्या कागदावर, अकरा वर्षं चुकीचं माप छापलं असं एकदा लेखी गेलं की ते कुठल्या कुठं जाईल, हे त्यांनी सबुरीनं समजावलं. अशा पत्रावर मी सही करू शकणार नाही, म्हणाले. उलट नव्या पाकिटांचं एक खोकं भेट म्हणून त्या बाईंना पाठवू. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा शेवटचा आठवडा आहे. गोड होऊ द्या ना."

कपबाईंना त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण कळलं. त्यांनी साहेबांचंच पेन उचललं, नमुना स्वतःकडे फिरवला आणि 'कपबाईंचं माप. चुकणार नाही.' या ओळीवर पट्टी न लावता सरळ रेघ मारली.

"अहो, हे तुमच्यासाठी केलं होतं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"माहीत आहे. म्हणून तर मीच खोडते."

"निदान नाव तरी राहू द्या."

"आकडे बरोबर देते. गुरुवारपर्यंत सगळे पुन्हा मोजून देते. नाव नको."

आणि त्यांनी मोजले. एकतीस जिन्नस, प्रत्येकी दहा कप, म्हणजे तीनशे दहा कप, तीन दिवसांत. पंखा बंद, दार बंद. पहिल्या तासाला प्रत्येक नव्या जिन्नसागणिक मनात धाकधूक होती की हाही चुकला असेल. काजू बरोबर निघाला. पिस्ता बरोबर निघाला. बदामाची पूड शहाण्णव होती ती शहाण्णवच होती. हळूहळू हाताला जुना ठेका सापडला. बुधवारी दुपारी तर त्या आकडा आधी बोलून मग काट्याकडे बघू लागल्या, आणि काटा दर वेळी हो म्हणत गेला. आपण या कामात किती तरबेज आहोत हे त्यांना त्या तीन दिवसांत नव्यानं कळलं, आणि त्याचा आनंद होताना जरा लाजही वाटली. एकतीसपैकी एकोणतीस जागच्या जागी होते. दोन चुकले होते, दोन्ही त्याच कटरचे. अक्रोडाचे तुकडे एकशे सहाऐवजी एकशे वीस. हेझलनटचे तुकडे एकशे पंधराऐवजी एकशे सव्वीस. गुरुवारी साडेचारला त्यांनी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. फाइलच्या पुठ्ठ्यावरचं लेबल खरवडून काढायला मात्र जास्त वेळ लागला, गोंद चांगला होता.

शनिवारी निरोप झाला. भाषणं झाली. साहेब चांगलं बोलले, मामानं येऊन हात जोडले, आणि कपबाईंना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. टेबलावर रचून ठेवलेल्या नव्या पाकिटांवर तक्ता छापलेला होता. वर नुसतं लिहिलं होतं, 'मापं'. कपबाईंनी एक पाकीट उलटून पाहिलं, एकशे वीस आहे याची खात्री केली आणि परत ठेवलं.

रविवारी सकाळी त्या यजमानांबरोबर बसनं निघाल्या. पत्ता पत्रावरच होता, दोन तासांचं अंतर. वाटेत यजमान चालकाच्या प्रत्येक ब्रेकवर टीका करत होते आणि कपबाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. पाती, मिलिमीटर, चिठ्ठी, सगळं नीट क्रमानं. उतरल्यावर यजमान म्हणाले की मी खालीच थांबतो, हे तुझं तू बोल.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडणारी बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात पुसायचं फडकं. मागे स्वयंपाकघरात धाकटी जाऊ गॅससमोर उभी दिसत होती; ओट्याच्या कोपऱ्यात तो माहेरचा काटा, वर पातळ कापड झाकलेला. कपबाईंनी कारखान्याचं नाव सांगितलं, तशी बाई गडबडली.

"पत्राचं मनावर घेतलंत होय? मी आपलं सहज लिहिलं हो. बसा ना."

कपबाई बसल्या नाहीत. बसमध्ये जुळवलेली वाक्यं त्यांना एकही आठवेना. पाती आणि मिलिमीटर कुठच्या कुठं गेलं.

"तुमच्या हातात काही वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पाकिटावरचं माप चुकलेलं होतं. मी लिहिलेलं माप. तीन कपांत बेचाळीस ग्रॅम जास्त पडत होते. कुणीही केला असता तरी केक बसला असता."

आत जावेचा चमचा थांबला होता.

"म्हणजे मी दाबत नव्हते?"

"नाही."

"बरोबर भरत होते?"

"माझ्याइतकाच बरोबर," कपबाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी हे दुसऱ्या कुणालाही म्हटलं नव्हतं.

बाई स्टुलावर बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. तिनं फडक्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मग जावेकडे पाहिलं. जावेनं गॅस बारीक केला आणि ती मान खाली घालून तिथंच उभी राहिली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, तिचा आवाज खालपर्यंत गेला.

"एक सांगू का," बाई उठत म्हणाली. "हेच जरा आत येऊन सांगाल? सासूबाईंना. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी बनवून सांगते. त्यांना कमी ऐकू येतं, थोडं मोठ्यानं बोलावं लागेल."

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर एक पांढऱ्याशुभ्र केसांची, ताठ बसलेली म्हातारी. कपबाई तिच्यासमोर गेल्या, नमस्कार केला आणि सांगितलं. म्हातारीनं कानाला हात लावला आणि सुनेकडे बघून विचारलं, "काय म्हणते ही?"

कपबाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. केकचं माप चुकीचं छापलं होतं. तुमच्या थोरल्या सुनेचं काही चुकलं नव्हतं. म्हातारीचं ऐकणं गेलं होतं, पण डोकं जागेवर होतं.

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"मग चूक कुणाची?"

"माझी," कपबाई म्हणाल्या.

"आँ?"

कपबाई पलंगाच्या कडेवर हात टेकून पुढे वाकल्या आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी."

म्हातारी मान हलवत राहिली. थोरली सून दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं दोन्ही वेळा ऐकलं होतं, तरी ती तिथून हलली नाही.